बुद्धिमत्ता चाचणीचे एक मार्गदर्शक: उत्तरे आहेत, कारणे नाहीत

मे महिन्याच्या शेवटी पुण्यातील अप्पा बळवंत चौकात जाऊन मी सातवी-आठवीच्या मुलांसाठी बुद्धिमत्ता चाचणीचे एक मार्गदर्शक विकत घेतले. छापील किंमत २५० रुपये, दुकानदाराने २१० ला दिले; पाने २४८, आकार मोठ्या वहीएवढा, मुखपृष्ठावर नेहमीप्रमाणे मेंदू, पेटलेला दिवा आणि चष्मा लावलेला मुलगा. प्रकाशनाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच फळीवर याच साच्यातील आणखी पाच-सहा पुस्तके होती आणि ती चाळून पाहिली तेव्हा प्रकरणांचा क्रम, चौकटीतल्या ‘युक्त्या’ आणि काही ठिकाणी तर उदाहरणांतले आकडेसुद्धा जुळत होते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या अख्ख्या फळीला लागू पडावे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सुट्टीपासून दिवाळीपर्यंत आमच्या सोसायटीतील आठ मुलांना घेऊन आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवले, आणि मगच मी हे लिहायला बसले आहे.

असे पुस्तक कोण घेते आणि कशासाठी, हे आधी सांगायला हवे. आठवीच्या पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न आणि १०० गुण असत. तृतीय भाषेचे २५ प्रश्न धरून ७५ प्रश्नांना ९० मिनिटे मिळत, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सर्वांच्या तोंडी एनएमएमएस म्हणून असलेल्या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. मिनिटाला एक प्रश्न या वेगाने धावणाऱ्या मुलाला पालकांनी एखादे जाडजूड पुस्तक आणून द्यावे आणि त्या पुस्तकाने ‘झटपट’ हा शब्द पानोपानी वापरावा, यात आश्चर्य काही नाही. सरावापुरते पाहिले तर पुस्तक आपले काम करते: प्रश्न भरपूर आहेत, सोपे-कठीण यांचे प्रमाण ठीक आहे, आणि मुले रोज दोन पाने सोडवत गेली तर वेग वाढतो. आमच्या आठही मुलांचा वाढला. माझी तक्रार वेगाबद्दल नाही. तर्क एकाच जातीचा नसतो, ही गोष्ट २४८ पानांत एकदाही सांगितलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

डी.एड.ला ज्यांनी अध्यापनशास्त्र वाचले आहे त्यांना उद्गामी आणि अवगामी हे शब्द आठवतील, तर अकरावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना विगामी आणि निगामी. उदाहरणे पाहून नियमाकडे जाणे ही एक वाट, उद्गामी किंवा विगामी, आणि नियम मान्य करून उदाहरणाकडे येणे ही दुसरी, अवगामी किंवा निगामी. पहिल्या वाटेने जे हाती लागते ते बहुधा खरे असते. दुसऱ्या वाटेने जे मिळते ते, आधीची विधाने खरी असतील तर, खरे असलेच पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ही पारिभाषिक नावे सांगण्याची गरज नाही, परंतु ‘असेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतला फरक त्याला बोलण्यातून आधीच ठाऊक असतो आणि तोच धागा पकडून पुढे शिकवता येते. या पुस्तकात संख्यामालिका, समसंबंध, वर्गीकरण, सांकेतिक भाषा, विधाने व अनुमाने, रांगेतील स्थान, नातेसंबंध, दिशा, घड्याळ, दिनदर्शिका, आरशातील प्रतिमा आणि घन अशी प्रकरणे एकापाठोपाठ एक येतात. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक रंगीत चौकट, चौकटीत युक्ती, आणि युक्तीखाली चाळीस प्रश्न. मालिकेचा प्रश्न आणि विधानांचा प्रश्न या दोन निरनिराळ्या जाती आहेत, हे मुलाला कळण्याची सोय नाही.

संख्यामालिकेचेच पाहा. तिसऱ्याच पानावर २, ४, ८, ? असा प्रश्न आहे आणि पर्याय १०, १२, १४, १६ असे दिले आहेत. सातवीतल्या एका मुलीने १४ वर खूण केली. उत्तरसूचीत ‘(४)’ एवढेच छापलेले असल्यामुळे शेजारच्या मुलाने तिला चूक ठरवले. मी तिला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “आधी दोन वाढले, मग चार वाढले, आता सहा वाढतील.” यात चूक काय आहे? काहीही नाही. दुपटीचा नियम जितका बसतो तितकाच वाढत्या फरकाचाही बसतो, आणि तीनच पदे दिल्यावर एकाला खरे व दुसऱ्याला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. चौथे पद छापले असते तर हा घोटाळा टळला असता. पाठ्यपुस्तकासारख्या दिसणाऱ्या पुस्तकाने आपल्या बरोबर विचारावर चुकीची खूण केली, हे त्या मुलीला मात्र आठवडाभर लागून राहिले होते. या प्रकरणात असे तीनच पदांचे प्रश्न मला सात सापडले.

उद्गामी विचारावर किती विसंबावे हे दाखवण्यासाठी मी त्या संध्याकाळी पुस्तक मिटून ठेवले आणि फळ्यावर एक वर्तुळ काढले. वर्तुळावर एक बिंदू घेतला तर आतला भाग एकच राहतो. दोन बिंदू जोडले की दोन भाग होतात. तीन बिंदू एकमेकांना जोडले की चार, चारांचे आठ, पाचांचे सोळा. सहा बिंदू घेतले तर किती, असे विचारताच आठही जण एका सुरात ‘बत्तीस’ म्हणाले. मग त्यांना वहीत मोठे वर्तुळ काढायला लावले आणि आत कुठेही तीन रेषा एकाच बिंदूत मिळू देऊ नका असे बजावले. भाग मोजले तर ३१ भरतात. एकाने तीन वेळा मोजले, प्रत्येक भागात पेन्सिलीने आकडा लिहून मोजले, आणि हरवलेला बत्तिसावा भाग मीच लपवला असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. आकृतिबंध पाहून केलेला अंदाज पाच वेळा खरा ठरूनही सहाव्या वेळी फसू शकतो, हे सांगणारी अशी एखादी आकृती मालिकांच्या २६ पानांत सहज मावली असती.

विधाने व अनुमाने हे प्रकरण मला सर्वाधिक आवडले, आणि तिथेच पुस्तकाने सर्वाधिक निराशाही केली. प्रश्न चांगले निवडलेले आहेत. ‘सर्व कावळे पक्षी आहेत. काही पक्षी काळे आहेत.’ यावरून ‘काही कावळे काळे आहेत’ हे अनुमान निघते का, असा एक प्रश्न आहे आणि निघत नाही हे उत्तरही बरोबर दिलेले आहे. आमच्याकडे यावर अर्धा तास भांडण झाले. “पण बाई, कावळा काळाच असतो ना!” हे मुलाचे म्हणणे जगाच्या दृष्टीने खरे आहे आणि दिलेल्या दोन विधानांच्या दृष्टीने गैरलागू आहे, निगामी तर्काची सगळी अडचण आणि सगळी गंमत या एका वाक्यात आहे. पक्ष्यांचे मोठे वर्तुळ, त्याच्या आत कावळ्यांचे लहान वर्तुळ, आणि काळ्या वस्तूंचे वर्तुळ पक्ष्यांच्या वर्तुळाला छेदणारे पण कावळ्यांना न शिवणारे असे काढून दाखवल्यावर तो मुलगा गप्प झाला. मग त्याने कावळ्यांच्या जागी बगळे लिहून विधाने पुन्हा वाचली. दोन्ही विधाने अजून खरीच होती, आणि ‘काही बगळे काळे आहेत’ हे अनुमान मात्र उघड खोटे. ही युक्ती, ही खरी युक्ती, त्याने स्वतः शोधली. पुस्तकाच्या चौकटीत काय लिहिले आहे? ‘सर्व + काही = अनुमान नाही.’ बेरजेच्या खुणेने लिहिलेला हा मंत्र पाठ केला की गुण मिळतात, आणि विधानांचा क्रम उलटला की तोच मंत्र फसवतो. ‘काही पक्षी कावळे आहेत. सर्व कावळे काळे आहेत.’ यावरून ‘काही पक्षी काळे आहेत’ हे नक्की निघते, आणि इथेही ‘सर्व’ व ‘काही’ हेच दोन शब्द आहेत.

आपल्या परंपरेत न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन तर्कविद्येने, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय (नियम समोरच्या प्रसंगाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे अनुमानाचे पाच अवयव सांगितले. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. दुसऱ्याला पटवून द्यायचे असेल तर नुसता निष्कर्ष पुरत नाही, हेतू आणि उदाहरणही पुढे ठेवावे लागते, ही त्यामागची दृष्टी आहे. उत्तरसूचीत नुसता ‘(२)’ छापणाऱ्यांनी यातला निदान दुसरा अवयव तरी घ्यायला हरकत नव्हती.

‘जर-तर’ या प्रकाराला पुस्तकाने अवघी दोन पाने दिली आहेत, आणि तीही पाऊस व छत्रीच्या तीन उदाहरणांत संपतात. ही उणीव मोठी आहे, कारण नेमकी इथेच मोठी माणसेसुद्धा घसरतात. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेला चार पत्त्यांचा प्रश्न मी मुलांना घातला. टेबलावर चार पत्ते, त्यांवर अ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस संख्या. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम पाळला गेला आहे का हे तपासण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? आठांपैकी सहा जणांनी अ आणि ४ उलटले. उलटायला हवेत ते अ आणि ७. ४ च्या मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. पुढच्या संध्याकाळी तोच प्रश्न मी शाळेच्या वाचनालयात नेला: ‘संदर्भग्रंथ घरी नेला असेल तर चिठ्ठीवर मुख्याध्यापकांची सही हवी.’ समोर चार चिठ्ठ्या: संदर्भग्रंथ नेलेला, गोष्टीचे पुस्तक नेलेले, सही असलेली, सही नसलेली. या वेळी सात जणांनी क्षणात पहिली आणि शेवटची चिठ्ठी उचलली. कोण लबाडी करतो आहे हे शोधायचे असले की मुलांचा तर्क धारदार होतो. तोच तर्क अक्षरांवर आणि अंकांवर न्यायला शिकवणे हे अशा पुस्तकाचे काम असायला हवे होते.

सांकेतिक भाषेच्या प्रकरणात मराठीची आबाळ झाली आहे. इंग्रजी २६ अक्षरांचे प्रश्न नीट आहेत, कारण त्या अक्षरांचा क्रम ठरलेला आहे. देवनागरीच्या प्रश्नांत मात्र ह नंतर ळ, क्ष, ज्ञ धरायचे की नाहीत, जोडाक्षर एक मोजायचे की दोन, आणि २००९ च्या शासन निर्णयानंतर वर्णमालेत आलेले ॲ व ऑ हे स्वर हिशेबात घ्यायचे की नाहीत, याचा उल्लेखच नाही. ‘कमळ’ या शब्दातील प्रत्येक अक्षराऐवजी पुढचे अक्षर लिहा, असे सांगितल्यावर ळ पुढे एका मुलाने क्ष लिहिले आणि दुसऱ्याने फेरा पूर्ण करून क. दोघांचे बरोबर आहे, कारण नियमच सांगितलेला नाही. नातेसंबंधाचे प्रकरण तर सरळ इंग्रजीवरून उतरवलेले वाटते. मराठीत मामा, काका, आत्या, मावशी, मामेभाऊ, आतेबहीण, साडू, जाऊ असे नेमके शब्द असताना प्रश्नांत ‘आईच्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा’ अशी वळणे घेतली आहेत. वळणांना माझा विरोध नाही, तो कोड्याचाच भाग आहे, परंतु उत्तराच्या पर्यायांत ‘काका/मामा’ असे तिरकी रेघ देऊन एकत्र छापणे मराठी पुस्तकाला शोभत नाही. एका प्रश्नात आत्याच्या यजमानांचे नाते विचारले आहे. आमच्या आठ मुलांपैकी काहींच्या घरी त्यांना काका म्हणतात, काहींच्या घरी मामा, आणि एकीच्या घरी आतोबा. पुस्तकाचे उत्तर ‘काका’. हा तर्काचा प्रश्न नव्हेच, हा घराघरातल्या चालीचा प्रश्न आहे.

चौकटीतील सूत्रांबद्दल थोडेसे. रांगेत एखादी मुलगी डावीकडून १२ वी आणि उजवीकडून १९ वी असेल तर एकूण मुली १२ + १९ − १ = ३०, हे ठीक; एक वजा का करायचा हे मुलांना रांगेत उभे करून दाखवले तर आयुष्यभर लक्षात राहते. परंतु पुढच्या चौकटीत ‘दोघांच्या मधील मुले = एकूण − (डावीकडील क्रमांक + उजवीकडील क्रमांक)’ असे सरसकट लिहिले आहे. ३० जणांच्या रांगेत सई डावीकडून २० वी आणि ओम उजवीकडून १६ वा असेल तर या सूत्राने मधली मुले उणे सहा येतात. एका मुलाने ते ‘सहा’ करून पर्याय निवडलाही. ओम डावीकडून १५ वा ठरतो, म्हणून मध्ये चार जण आहेत. कागदावर रेघ ओढली असती तर कोणालाही दिसले असते. दिनदर्शिकेच्या प्रकरणातही ‘ज्या वर्षाला ४ ने भाग जातो ते लीप वर्ष’ एवढाच नियम दिला आहे. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि १९०० नव्हते, ही अट गाळल्यामुळे पुढची दोन उत्तरे एका दिवसाने चुकली आहेत. निगामी तर्कात पायाभूत विधान अपुरे असले की पुढची पायरी कितीही काटेकोर असली तरी उपयोग होत नाही, याचे हे आयते उदाहरण. अर्थात प्रकाशकाला ते अभिप्रेत नसावे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० हा दिवस रविवार होता, हे उदाहरण मात्र टप्प्याटप्प्याने आणि अगदी स्वच्छ सोडवून दाखवले आहे.

आकृत्यांचा भाग निःसंशय उत्तम आहे. छपाई ठळक आहे, कागद जाड असल्यामुळे मागचे छापील पुढे उमटत नाही, आणि आरशातील प्रतिमा व जलप्रतिबिंब यांची पाने शेजारी शेजारी ठेवल्यामुळे डावे-उजवे बदलणे आणि वर-खाली बदलणे यांतला गोंधळ आपोआप सुटतो. आरशात ८ वाजून २० मिनिटे दिसत असतील तर खरी वेळ ३ वाजून ४० मिनिटे, हे ११ तास ६० मिनिटांतून वजा करून मिळवण्याची रीत इथे दिली आहे आणि, आश्चर्य म्हणजे, ती का चालते हेही दोन ओळींत सांगितले आहे. घनांच्या पानावर रंगवलेल्या मोठ्या घनाचे २७ तुकडे करण्याचा नेहमीचा प्रश्न आहे. मी एक मोठा बटाटा चौकोनी कापून बिटाच्या रसात बुडवला आणि त्याचे २७ तुकडे केले. तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू रंगलेले १२, एक बाजू रंगलेले ६ आणि अगदी मधला एक कोरा; तो कोरा तुकडा हातात घेण्यासाठी मुलांची झुंबड उडाली. रस थोडा आत झिरपला होता, तेवढे सोडून द्यावे.

कारण आणि परिणाम यांवरचे प्रकरण चार पानांचे आहे. शाळेचे पटांगण सकाळी ओले दिसले तर पाऊस पडला असेल, टँकर गळला असेल किंवा शिपाईकाकांनी पाणी मारले असेल. यांपैकी सर्वांत पटणारे कारण निवडताना छपरेही ओली आहेत का हे पाहावे लागते. हा तर्काचा आणखी एक, रोजच्या वापरातला प्रकार आहे. पुस्तकात तो आहे, पण पर्यायांतून एक निवडा यापलीकडे जात नाही.

शिष्यवृत्तीच्या आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही नोंदवावे लागत, हे लक्षात घेऊन शेवटच्या पाच सराव प्रश्नपत्रिका तयार केल्या आहेत. यासाठी पुस्तकाला पूर्ण गुण. एक उत्तर सापडल्यावर न थांबता उरलेले पर्याय तपासण्याची सवय याच प्रश्नांनी लागते, आणि माझ्या मते ती सवय चौकटीतील सर्व युक्त्यांपेक्षा मोलाची आहे. बांधणी मात्र कच्ची निघाली. ऑगस्टमध्ये १७७ ते १९२ ही पाने सुटून हातात आली आणि तेव्हापासून ती रबराने बांधून ठेवावी लागतात.

तरीही गेल्या आठवड्यात मी शाळेच्या वाचनालयासाठी याच पुस्तकाची आणखी एक प्रत आणली. आकृत्यांची पाने आणि सराव प्रश्नपत्रिका एवढ्यासाठी २१० रुपये जास्त वाटले नाहीत. प्रत कपाटात ठेवण्याआधी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस, आम्हाला सापडलेल्या अकरा चुकीच्या उत्तरांची दुरुस्ती लिहिलेला कागद चिकटवला. तिसऱ्या पानावर त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात ‘१४ पण चालेल, फरक २, ४, ६’ असे शाईने लिहिले आहे.